पहाटे साडेचारचा पंप: आवाजमोजणी आणि दुरुस्तीच्या नोंदी

सोसायटी कोथरूडच्या आतल्या गल्लीत, पार्किंगवर सहा मजले, वय वीसच्या पुढे. जिन्याखाली पंपरूम, शेजारी अंडरग्राउंड टाकी. ५ एचपीचे दोन मोनोब्लॉक पंप, एक चालू, एक राखीव. पाणी वर नेणारी (डिलिव्हरीची) २ इंची जीआय लाइन डक्टमधून थेट गच्चीवरच्या टाकीत जाते. पंपरूम १०२ च्या बरोबर खाली आणि डक्ट त्यांच्या बेडरूमच्या भिंतीला लागून. वॉचमन पहाटे साडेचारला बटण दाबतो आणि पाऊण तास पंप चालतो. १०२ मधल्या काकूंची तक्रार जुनी आहे. ज्यांच्या सोसायटीत असंच काही आहे त्यांच्यासाठी या नोंदी. आमचं काय फसलं तेही यात आहे.

६ जानेवारी
कमिटीची पाहणी. चेअरमन, सेक्रेटरी आणि मी पहाटे काकूंच्या बेडरूममध्ये. आम्ही खोलीच्या मधोमध उभे. चेअरमन म्हणाले, "काकू, एवढा काही नाहीये हो." काकू म्हणाल्या, "उशीवर डोकं ठेवून बघा की." तिघांपैकी कोणीच ठेवलं नाही.

मग फोनवर आवाज मोजला: सेक्रेटरींच्या फोनवर ३८ डेसिबल, माझ्या फोनवर २४. पलंग एक, वेळ एक, फरक १४ डेसिबलचा. फोनचा माइक बोलण्यासाठी केलेला असतो, खालचे सूर तो मुद्दाम गाळतो आणि प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने गाळते. पंपाची घुमघुम नेमकी त्याच खालच्या भागात. फोनचं प्रकरण इथेच संपलं.

९ जानेवारी
मीटर ऑनलाइन मागवला, ३,४०० रुपये. माइकवर वारा अडवणारं बोंड, तिपाईवर बसवायचं भोक, ए (खालचे सूर बरेच कापणारा) आणि सी (ते जवळजवळ तसेच ठेवणारा) दोन्ही स्केल. सी स्केल असलेलाच घ्या, ते का ते पुढे येईल.

११ जानेवारी
पंप बंद असताना ३१.२. फ्रिज बंद केला, ३१.२. भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेरच्या खोलीत ठेवलं, तरी ३१.१. मग मीटर गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवला, तिथेही ३१. म्हणजे तो आकडा खोलीचा नव्हता, मीटरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा होता. पेटीवर ३० ते १३० लिहिलेलं असतं, त्यातल्या ३० चा अर्थ हा. पुण्यातल्या आतल्या गल्लीत जानेवारीच्या पहाटे खिडक्या लावल्यावर खोली त्याच्याही खाली जाते.

पंप चालू असतानाचा आकडा मात्र वर जातो, त्यामुळे स्वस्त मीटर अगदीच वाया नाही. दुरुस्ती चालू असताना आज कालपेक्षा कमी की जास्त, एवढं पाहायला पुरतो. पार्श्वभूमी मोजायला नाही.

१३ जानेवारी
कमिटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की रात्रीची मर्यादा ४५ आहे, आपण त्याच्या आत, विषय संपला. वाद मुळापासून मिटवणं भाग होतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले निवासी भागाचे आकडे (सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५) परिसरातल्या आवाजाचे आहेत, बाहेरच्या हवेतले. बेडरूमच्या आतले नाहीत. घराच्या आतसाठी आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेत ३५ ते ४० डीबीए (ए स्केलवरचे डेसिबल; सी स्केलवरचे ते डीबीसी) धरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक आकड्यांत बेडरूममध्ये रात्री ३० आणि एखाददुसरा ठोका जास्तीत जास्त ४५. आम्ही कमिटीपुढे लक्ष्य ठेवलं: उशीपाशी ३५ च्या आत.

उद्या संक्रांत. मोजणी बंद, तिळगुळाच्या निमित्ताने काकूंकडे जाणं झालं तेवढंच.

१८ जानेवारी
क्लास १ (जास्त अचूक) मीटर भाड्याने, सोबत कॅलिब्रेटर (ठरलेल्या पातळीचा सूर काढणारी डबी), दिवसाचे ४,५०० आणि अनामत वेगळी. महाग वाटतं, पण हा थर्ड ऑक्टेव्ह (सुरांचे अरुंद पट्टे, बँड) दाखवतो, म्हणजे आवाज कुठल्या सुरात आहे ते कळतं. कॅलिब्रेटर माइकवर चढवला, ९४.० यायला हवे, आले. आमच्या स्वस्त मीटरवर तोच चढवला तर ९२.६. स्क्रूने जुळवून घेतला. मोजणीआधी आणि मोजणी संपल्यावर दोन्ही वेळा तपासायचं, मध्येच सरकलेलं असलं तर सगळी पहाट बाद.

१९ जानेवारी, पहाट
जागा ठरवताना आयएसओ १६०३२ ची पद्धत धरली: एक माइक कोपऱ्यात, भिंतींपासून अर्धा मीटर, दोन खोलीच्या आतल्या भागात. काकूंची उशी नेमकी त्या कोपऱ्यातच येते. पंखा बंद, फ्रिज बंद, घड्याळ बाहेर, मी दाराशी हातपाय न हलवता. तीस-तीस सेकंदांच्या सरासऱ्या. कुत्रं भुंकलं की ते तीस सेकंद बाद आणि कागदावर "कुत्रं" अशी नोंद. अशा नोंदी बऱ्याच झाल्या.

पंप बंद: २८ डीबीए.
पंप चालू, खोलीच्या मध्यावर: ३६ डीबीए, ५७ डीबीसी.
पंप चालू, उशीपाशी: ४१ डीबीए, ६८ डीबीसी.

ए आणि सी यांच्यातला फरक पाहा. उशीपाशी २७ चा आहे. ए स्केल ५० हर्ट्झला ३० डेसिबल कापून टाकतो. नुसता डीबीए पाहिला असता तर ही घुमघुम आकड्यात निम्मीच दिसली असती. बँड उघडल्यावर ५० हर्ट्झच्या पट्ट्यात ६९, १०० च्या पट्ट्यात ५० आणि २५० च्या पट्ट्यात ४४. पंपाच्या पाटीवर २,८८० आरपीएम आहेत, भागिले ६० म्हणजे ४८ हर्ट्झ. इम्पेलरला (पाणी ढकलणाऱ्या चाकाला) पाच पाती आहेत, ४८ गुणिले ५ म्हणजे २४०. शंभरचा भाग विजेचा. कुठलंही गूढ उरलं नाही, तिन्ही पट्टे पंपाचेच.

मध्यावर कमी आणि भिंतीशी जास्त का? खोली डक्टच्या भिंतीपासून खिडकीपर्यंत १२ फूट. ४८ हर्ट्झची लहर साधारण ७.२ मीटर, तिची अर्धी म्हणजे जवळजवळ ही खोली. अशा वेळी आवाज दोन्ही टोकांच्या भिंतींशी दाटतो आणि मधोमध पातळ होतो. ६ तारखेला कमिटी जिथे उभी होती ती जागा खोलीतली सगळ्यात शांत जागा होती.

यावर एकाने सुचवलं की पलंग फिरवून डोकं खिडकीकडे करा. उपयोग नाही, तिकडच्या भिंतीशीही तेवढंच. तात्पुरता उपाय म्हणून पलंग ओढून उशी खोलीच्या मध्यावर आणली. काकूंनी दोन्ही बाजूंनी झाडू मारता येतो एवढ्या अटीवर चालवून घेतलं.

२० जानेवारी
२०२ मधले आकडे १०२ पेक्षा जास्त आले, आणि वर जाऊन आवाज वाढतो म्हणून वरच्या लोकांनी ग्रुप पेटवला. २०२ रिकामा आहे. गादी नाही, पडदे नाहीत, टाळी वाजवली की खोली दीड सेकंद वाजत राहते. सामानाच्या खोलीत हे अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतं आणि तुलना तिथे आणूनच करायची असते. दीड सेकंदाच्या खोलीतून ४.८ डेसिबल वजा करायचे. वजा केल्यावर २०२ खाली आला. रिकाम्या फ्लॅटमधला आकडा तसाच कोणाला पाठवू नका, नंतर तो परत घेता येत नाही.

२२ जानेवारी
आजची अख्खी पहाट बाद. वॉचमनने २ नंबरचा पंप लावला होता. दोन्ही पंप "सारखेच" आहेत असं सगळे म्हणतात, पण दोनचा बेअरिंगचा आवाज वेगळाच आहे. पॅनेलवर खडूने तारीख आणि पंपाचा नंबर लिहायला सुरुवात.

२५ जानेवारी
खर्च करण्याआधीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: आवाज हवेतून वर जातो की भिंती-पाइपातून? दोन वर्षांपूर्वी कमिटीने पंपरूमला काळा फोम चिकटवून घेतला होता, ३८,००० रुपये. पंपरूमच्या आत कदाचित तीन डेसिबल कमी झाले असतील, १०२ मध्ये काहीच नाही. एक इंचाचा फोम सात मीटरच्या लहरीला दिसतसुद्धा नाही.

चाचणी सोपी आहे. मंडळाचा मोठा स्पीकर मागून आणला (पोरांनी "काका, डीजे कधी?" म्हणून विचारलंच). दुपारी पंप बंद ठेवून पंपरूममध्ये नुसता खरखराट लावला. पंप चालताना पंपरूममध्ये ८२ डीबीए असतात, तेवढ्यावरच स्पीकर आणला. वर १०२ मध्ये २५० हर्ट्झच्या पट्ट्यात स्पीकर लावल्याचा पत्ताच लागेना. खाली तेवढाच आवाज असून वर येत नाही, म्हणजे पंपाचा येतो तो हवेतून नव्हे. स्लॅब त्याचं काम करतोय. वाट दुसरी आहे. (५० हर्ट्झसाठी हा स्पीकर पुरेसा ताकदीचा नव्हता, तिथला निकाल पुढे पाइप सोडवून पाहूनच लागला.)

१ फेब्रुवारी
प्लंबर आला. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपवर आणि मूठ कानाला लावून डक्टभर ऐकलं. मीटरवाल्या माणसाला हे जरा लागतं, पण वाट त्यानेच आधी सांगितली: "साहेब, हा क्लॅम्प बोलतोय." १०२ च्या भिंतीत घट्ट रोवलेला लोखंडी क्लॅम्प. सैल केला, वर मी मीटर घेऊन बसलेला. २५० चा पट्टा लगेच ६ डेसिबल उतरला. ५० चा जेमतेम २.

सगळे क्लॅम्प एकदम सैल करू नका. २ इंची जीआय पाण्यासकट मीटरला सात किलोच्या आसपास, आमच्या उंचीला दीडशे किलोच्या वर. ते वजन खालच्या कोपऱ्यातल्या बेंडवर बसतं. आधी तळाशी पाइपला आधार, मग एकेक क्लॅम्प बदलायचा. नवे क्लॅम्प रबर अस्तराचे, आणि बेडरूमच्या भिंतीऐवजी स्लॅबच्या कडेत ब्रॅकेट मारून. मजुरी सोडून ६,२००.

५ फेब्रुवारी
पंपाखाली रबर. हार्डवेअरच्या दुकानातल्या दांतेरी शीटचे तुकडे, ९०० रुपये.

६ फेब्रुवारी
५० चा पट्टा ३ डेसिबलने वाढला. कमी झाला नाही, वाढला.

दुपारभर हिशोब. रबर पंपाच्या वजनाने जितकं दबतं त्यावरून त्याची स्वतःची डोलण्याची गती निघते: १५.८ भागिले दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ. हे शीट इतकं कडक की पंपाखाली दशांश मिलिमीटर दबलं असेल. १५.८ भागिले ०.३१६ म्हणजे ५० हर्ट्झ. पंप ४८ वर फिरतोय. झोका बरोबर तालात ढकलल्यासारखं झालं. शिवाय फाउंडेशन बोल्ट रबरातून आरपार जाऊन लोखंडी वॉशरने काँक्रीटला आवळलेले, म्हणजे रबर मध्ये असून नसल्यासारखं. "रबर टाकलंय" एवढ्यावर समाधान मानणाऱ्या प्रत्येक पंपरूममध्ये हे बघायला मिळेल असं मला आता वाटतं.

कमिटीत प्रश्न: सरळ वेळच का नाही बदलत? करून पाहिलं. रात्री नऊला टाकी भरली तर सकाळी सातच्या आत तळ, आणि सहाला पंप लावला तर त्याच वेळी सगळी घरं नळ उघडून बसलेली, टाकी भरतच नाही. पहाटेचं भरणं आमच्या टाकीला चुकत नाही.

१० फेब्रुवारी
नाना पेठेत गाड्यांचे इंजिन माउंट (इंजिनाखालचे रबरी आधार) पाहिले, पण ते किती वजनाला किती दबतात हे कोणी सांगेना. भोसरीत एका रबरवाल्याकडे तक्ता मिळाला. ८० किलोला ५ मिलिमीटर दबणारे चार माउंट, ६५० चा एक.

नुसता पंप त्यावर ठेवला तर हलका पडतो आणि नाचतो. म्हणून खाली काँक्रीटचा ठोकळा: ९०० बाय ६०० बाय १५० मिलिमीटर, भरतो साधारण १९५ किलो. पंप ६५. एकूण २६०, प्रत्येक माउंटवर ६५ किलो, दाब ४ मिलिमीटर, म्हणजे डोलण्याची गती ८ हर्ट्झच्या खाली. ४८ पासून लांब.

१४ फेब्रुवारी
जुनं फाउंडेशन ब्रेकरने फोडलं. त्या दिवशी सहाही मजल्यांवरून आवाजाच्या तक्रारी आल्या. मोजल्या नाहीत.

१९ फेब्रुवारी
ठोकळा पक्का व्हायला ठेवलाय. आज शिवजयंती, रात्रीपर्यंत गल्लीत ढोल आणि मिरवणूक, मोजणीचा प्रश्नच नाही. राखीव पंप चालू.

२३ फेब्रुवारी
पंप १ ठोकळ्यावर चढवला. उंची २० सेंटिमीटर वाढली, म्हणून सक्शन (टाकीतून पाणी ओढणारा) आणि डिलिव्हरी दोन्ही पाइप कापून परत आटे पाडावे लागले. हे आधी लक्षात घ्या, प्लंबरने त्याचे वेगळे पैसे लावले. दोन्ही बाजूंना रबर बेलोज (पाइपमधला लवचिक जोड), २,८०० ला एक.

२४ फेब्रुवारी
पाणी नाही. पहाटे पंप अर्धा तास कोरडाच घरघरत राहिला, साडेसहाला वरून फोन सुरू. सक्शनच्या बेलोजच्या फ्लँजमधून हवा ओढली जात होती, प्रायमिंग (पंपात आधी भरून ठेवावं लागणारं पाणी) सुटलं. डिलिव्हरीला गळती असली तर पाणी बाहेर दिसतं, सक्शनला काहीच दिसत नाही. गॅसकेट बदलली, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले, प्राइम केलं. साडेआठला पाणी. सक्शन विहिरीसारखं खालून उचलणारं असेल तर बेलोज घेताना तो व्हॅक्यूमला चालतो का हे विचारून घ्या, स्वस्तातला आत चेपला जातो.

२६ फेब्रुवारी
स्वस्त मीटरवर फरक जवळजवळ नाही. एवढं करून! ठोकळा हाताने ढकलला तर हलतो, मग आवाज जातो कुठून? संध्याकाळी सापडलं. डिलिव्हरी बेलोजचे टाय रॉड प्लंबरने "मजबूत राहावं" म्हणून दोन्ही बाजूंनी गच्च आवळले होते. चार लोखंडी सळ्यांनी पंप परत पाइपला जोडला गेला होता. रॉड हे बेलोज जास्त ताणला जाऊ नये म्हणून असतात, नट थोडे मोकळे आणि मध्ये रबर वॉशर हवा. नट सोडल्याबरोबर वरून काकूंचा फोन, "आत्ता काय केलंत?"

१ मार्च
आता पंप चालताना कळत नाही, बंद होताना कळतो. गच्चीपर्यंतचं पाणी मागे येतं आणि झुलत्या पडद्याचा एनआरव्ही (पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह) धाडकन आपटतो. आधी घुमघुमीत हे झाकलं होतं. सरासरीत हा ठोका दिसत नाही, मीटर फास्टवर (झटपट प्रतिसादाच्या सेटिंगवर) ठेवून कमाल आकडा धरावा लागतो: ५७. स्प्रिंगचा एनआरव्ही बसवला, ४,२००. ठोका ४४ वर.

८ मार्च, पहाट
क्लास १ मीटर परत भाड्याने. ९४.० आधी, ९४.० नंतर. पंप १, पॅनेलवर खडूने लिहिलेलं.

उशीपाशी ३१.५ डीबीए, ५४ डीबीसी. बँडमध्ये ५० ला ५४, १०० ला ४२, २५० ला ३४. पंप बंद असताना खोली २८. फरक चारच्या खाली गेला की पार्श्वभूमी वजा करून नेमका पंपाचा आकडा काढणं भरवशाचं राहत नाही, म्हणून अहवालात "३१.५ किंवा कमी" असंच लिहिलंय. ५० च्या पट्ट्यातली १५ डेसिबलची घट मात्र सरळ वाचता येते.

पाचच्या सुमारास कोकिळा सुरू झाली. ती ५० च्या पुढे. तिच्यावर उपाय नाही.

१५ मार्च
खर्च: मीटर ३,४००, दोन वेळचं भाडं ९,०००, वाया गेलेलं रबर ९००, माउंट २,६००, ठोकळा ७,५००, बेलोज ५,६००, क्लॅम्प आणि ब्रॅकेट ६,२००, एनआरव्ही ४,२००, प्लंबरची मजुरी ८,०००. बेरीज ४७,४००. फोमचे ३८,००० यात धरलेले नाहीत, चेअरमन धरायला देत नाहीत.

पुन्हा केलं तर टप्पे वेगळे ठेवीन: आधी क्लॅम्प, मग बेलोज, मग ठोकळा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पहाटे मोजणी. आम्ही ठोकळा आणि बेलोज एकाच दिवशी बसवले, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे आता सांगता येत नाही.

२२ मार्च
काकूंचा पलंग परत भिंतीशी. पंप २ अजून जुन्याच फाउंडेशनवर आहे, त्याला मंजुरी पुढच्या मीटिंगला. तोवर वॉचमनला सांगितलंय की पहाटे फक्त १, आणि २ दुपारी पंधरवड्यातून एकदा चालवून बघायचा, नाहीतर जाम होतो. ६०१ मधून लिफ्टच्या ब्रेकची तक्रार आलीये, मशीनरूम त्यांच्या डोक्यावरच आहे, कमाल ४९. मेंटेनन्सवाल्यांना ब्रेक लायनिंग आणि मशीनखालचे पॅड बघायला बोलावलंय. ते मंगळवारी येतो म्हणालेत.